अकरा बंद दारं

२ मार्च

आज राजीनामा दिला. सव्वीस वर्षांची नोकरी एका परिच्छेदात संपली. मुख्याध्यापिका शुभाताईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि खिल्लारे बाई, नक्की ना, असं विचारलं. मी नक्की म्हटलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

सगळं त्या चार मिनिटांच्या भाषणाने केलं. जानेवारीत आम्हा शिक्षकांचा मोर्चा होता, शाळाबाह्य कामं बंद करा म्हणून. बोलणाऱ्या सरांचा घसा बसला आणि कुणीतरी माइक माझ्या हातात कोंबला. मी म्हणाले, "वीस वर्षं आम्ही दारोदार हिंडून मतदार याद्या केल्या. माझ्या हातून एकाही माणसाचं नाव सुटलेलं नाही. आणि तुम्ही आम्हाला कामचुकार म्हणता?" कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. आठ दिवसांत जोगेश्वरीपासून अंधेरीपर्यंत जो तो तेच पाहत होता. महिन्याभरात एका पक्षाची माणसं दिंडोशीला आमच्या सोफ्यावर बसून, बाई, लोकसभेला उभ्या राहा, म्हणत होती. मी आपली दिल्ली पाहिली ती नागरिकशास्त्राच्या पुस्तकात.

दीप्तीने घर डोक्यावर घेतलं. लेक कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला आईचं नाव मतपत्रिकेवर दिसायला लागलंय. प्रबुद्ध एवढंच म्हणाला, "तुला झेपेल असं वाटत असेल तर कर." माझा नवरा कॉलेजात ग्रंथपाल आहे. तो सल्ला देत नाही, फार तर एखादं पुस्तक पुढे सरकवतो.

भीती वाटते. कसली ते नीट सांगता येत नाही. माइकची असावी.

१० मार्च

पहिली चौकसभा, जोगेश्वरी पूर्वेला. मुठीत खडूचा तुकडा धरून बोलले. वर्गात असल्यासारखं वाटावं म्हणून ही युक्ती. दोनेक मिनिटांनी पाय स्थिर झाले आणि मग मी चक्क बोलत सुटले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

यज्ञेशने माझ्या मागे भलामोठा फलक लावला होता. यज्ञेश म्हणजे पक्षाने दिलेला प्रचारप्रमुख. वय पस्तीस, दोन मोबाइल, कायम घाईत. फलकावर माझा हात जोडलेला फोटो आणि खाली लिहिलेलं: एकही नाव सुटणार नाही. मोर्च्यातल्या वाक्याची त्याने घोषणा करून टाकली. "मॅडम, झकास लाइन आहे. प्रत्येक भाषणात आलीच पाहिजे," म्हणाला. मी मान डोलावली. अर्धी बाटली पाणी एका दमात संपवलं. पहिल्याच सभेत असं होतं म्हणतात.

पहिल्या रांगेत एक म्हातारी बसली होती. मांडीवर निळी प्लास्टिकची पिशवी, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. टाळ्या वाजवल्या नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. मी घोषणेचं वाक्य म्हटलं तेव्हा तिने पिशवी छातीशी घेतली. साडेआठ वाजता, माझं भाषण रंगात असताना उठून निघून गेली. चेहरा ओळखीचा वाटला.

२३ मार्च

म्हातारी आज पुन्हा होती, गोरेगावला. परवा अंधेरीतही होती. सगळीकडे पहिली रांग, तीच पिशवी, आणि साडेआठला उठणं. यज्ञेशला म्हटलं तर तो हसला. समोरच्या पार्टीने माणूस बसवला असेल, म्हणाला, भाषण रेकॉर्ड करायला. त्याला गंमत वाटते.

घरी परतताना रिक्षात आठवलं. ती द्रौपदी. आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. राहायची जोगेश्वरीच्या गुंफेजवळच्या पंचशील गल्लीत. केस पूर्ण पांढरे झालेत म्हणून ओळखलं नाही.

लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल. चौदा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास मतदार यादीचं काम निघालं. पंचशील गल्ली माझ्याकडे होती. अकरा घरांना कुलूप. यादी त्याच संध्याकाळी हवी होती, साहेब फोनवर फोन करत होते, दीप्ती सात वर्षांची, एकशेतीन ताप. अकराही घरांपुढे मी 'कायमचे स्थलांतरित' असं लिहिलं आणि यादी दिली. दारं बंद असली तर माणसाने काय करायचं? लोक नंतर नावं परत लावून घेतात. त्यांनीही घेतलीच असतील.

२ एप्रिल

न राहवून पंचशील गल्लीत गेले. गल्ली आता नाहीच. तिथे चौदा मजली इमारत आहे, दारात रखवालदार. झोपडपट्टी पुनर्वसनात गल्लीतल्याच लोकांना तिथे फुकट घरं मिळाली. खंडूभाऊ म्हणून जुने रहिवासी भेटले, आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. बाई प्रचाराला आल्या म्हणून त्यांनी चहा पाजला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की त्या टोकाची अकरा घरं होती, ती माणसं कुठल्या मजल्यावर आहेत.

"ते सगळे अपात्र निघाले ना, बाई," खंडूभाऊ म्हणाले. "त्या वर्षीच्या यादीत नाव असलं तरच घर. त्यांची नावं नव्हती. परत लावली त्यांनी, पण दोन वर्षं उशीर झाला. पोलीस आणून घरं पाडली. कोण विरारला गेलं, कोण गावी. यादीवाल्याने वाट लावली त्यांची."

यादीवाला म्हणाले. यादी करणारी बाई होती, हे ते विसरलेत. मी चहा अर्धा ठेवून उठले.

५ एप्रिल

पोटमाळ्यावर चढले. माझ्या सगळ्या जुन्या डायऱ्या प्रबुद्धने वर्षवार लावून ठेवल्यात, पाठीवर चिठ्ठ्या डकवून. त्याची ग्रंथपालकी. त्या वर्षीचीच डायरी नाही. अलीकडची आहे, पलीकडची आहे, मधे बोटभर फट.

कुणी नेली? घरात इतकी माणसं येतात हल्ली. यज्ञेशचे लोक वर फलक ठेवायला चढले होते. त्या डायरीत मी त्या दिवसाचं सगळं लिहिलंय. मिळाली असती तर जाळली असती, हेही लिहून ठेवते. प्रबुद्धला विचारलं नाही, कारण कशाला हवी म्हणून त्याने विचारलं असतं. तसाही तो हल्ली बोलत नाही. पहिल्या सभेनंतर एकाही सभेला आलेला नाही. बायको मोठी होताना पाहवत नसेल. मला हे त्याच्याबद्दल कधी वाटलं नव्हतं.

१४ एप्रिल

जयंती. सकाळपासून सात ठिकाणी हार घातले, सात ठिकाणी बोलले. पाचव्या ठिकाणी द्रौपदी पांढऱ्या साडीत उभी होती. लांबून हात जोडून जय भीम केला. मी दुसरीकडे बघितलं. बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभी राहून मी दुसरीकडे बघितलं.

२१ एप्रिल

यज्ञेशला सांगितलं. म्हणजे निम्मं सांगितलं. यादी करताना काही नावं चुकून गेली होती आणि ती म्हातारी त्यातली असावी, इतकंच. त्याने दोन्ही मोबाइल पालथे ठेवले. ते त्याने प्रथमच केलं, आणि मी जास्त घाबरले.

त्याने तीन प्रश्न विचारले. हे कुणाला माहीत आहे? कागद आहे का? तिला काय पाहिजे? मग म्हणाला, "मॅडम, चुकून गेली ना? मग विषय संपला. चुकून सगळ्यांकडूनच जातात."

चुकून. हा शब्द त्याला मीच दिला होता.

पिशवीत काय असेल, हाच विचार डोक्यात असतो. आज स्वप्नात तिने ती माझ्या वर्गातल्या टेबलावर रिकामी केली आणि आतून कुलुपं पडली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

३० एप्रिल

उमेदवारी अर्ज भरला. वाजतगाजत गेलो. या अर्जातील मजकूर सत्य आहे, अशी सही करताना पेन दोनदा अडलं. अधिकाऱ्याला वाटलं शाई संपली. त्याने स्वतःचं पेन दिलं.

६ मे

द्रौपदी घरी आली.

सकाळी दहाला बेल वाजली. मी एकटी होते. दारात ती, हातात निळी पिशवी. दारातून घालवणार कशी? आत घेतलं, पाणी दिलं. ती सोफ्यावर बसेना, खाली बसली. मग मीही खाली बसले.

ती मनोरीला असते. तिथे समुद्राकाठी एक सुट्टीचा बंगला आहे, त्याची झाडलोट करते आणि मागच्या खोलीत राहते. सभेतून लवकर उठल्याबद्दल आधी तिने माफीच मागितली. मार्व्याहून खाडीपलीकडे जाणारी शेवटची होडी चुकली की रात्र धक्क्यावर काढावी लागते, म्हणाली. मी दीड महिना त्या साडेआठच्या उठण्यापायी धास्तावले होते.

मग पिशवी सोडली. विजेची जुनी बिलं, रेशन कार्ड, शाळेने दिलेलं खिचडीच्या कामाचं पत्र आणि एक नोटीस. घरासाठी अपात्र ठरवल्याविरुद्ध तिने अपील केलंय. सुनावणी सतरा मेला. ही शेवटची, यानंतर दार बंद. तिथल्या साहेबाने तिला सांगितलंय की त्या वर्षी तू तिथे राहत होतीस हे सांगणारा सरकारी माणूस आण.

"म्या म्हनलं, हाये की. आमच्या गल्लीची यादी खिल्लारे बाईकडं होती," द्रौपदी म्हणाली. "इतके दिवस इचारीन इचारीन म्हनलं, पर तुमी लय माणसात. तुमाला तं माहीत हाये, बाई, आमी कुठं गेलतो. तेवढं लिवून द्या."

ती रागावून बोलत नव्हती. तिला माहीत आहे की नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी म्हटलं बघते. हे सव्वीस वर्षांत शंभर पालकांना म्हटलंय. ती जय भीम करून गेली. पिशवीतली नोटीस तिने मला ठेवायला दिली.

८ मे

दीप्तीला, एका बाईची केस म्हणून, विचारलं. ती म्हणाली की त्या शिक्षिकेने, मी न तपासता खोटी नोंद केली, असं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं तर अपिलात दम येईल, पण शिक्षिका गोत्यात येईल. चौकशी, कदाचित गुन्हासुद्धा. आणि पुटपुटली, "कोण देणार आहे लिहून?"

यज्ञेश म्हणाला, "वीसला मतदान आहे, मॅडम. एकवीसला लिहून द्या ना. दहा पानं द्या." सुनावणी सतराला आहे हे सांगितल्यावर खांदे उडवले. निवडून आलात तर अशा शंभर बायकांना घरं द्याल, म्हणाला. मला ते पटलं. खरंच पटलं. दुपारभर पटलेलं होतं.

११ मे

मैदानात मोठी सभा. चार हजार माणसं असतील. "एकही नाव" मी म्हणायचं, "सुटणार नाही" लोकांनी ओरडायचं, असं यज्ञेशने बसवलंय. आज मी म्हटलं आणि चार हजार लोक ओरडले. मला त्या आवाजाची भीती वाटली. मुठीतल्या खडूचा चुरा झाला, तो घामाने हाताला चिकटला.

पहिल्या रांगेत द्रौपदी नव्हती. ती न दिसल्यानेही भीतीच वाटली.

१२ मे

दुपारी जेवणं झाल्यावर प्रबुद्धने टेबलावर ती डायरी ठेवली. त्या वर्षीची. पाठीवर चिठ्ठी तशीच.

मी काही विचारायच्या आत म्हणाला, "पहिल्या सभेतून आलो आणि काढून ठेवली. तू जाळशील असं वाटलं." मग म्हणाला, "त्या दिवशी मलाही सगळं सांगितलं होतंस तू. मी म्हणालो होतो, जाऊ दे. ते वाक्य ऐकत सभेत बसवत नव्हतं गं मला."

आणि मी समजत होते की त्याला माझं मोठं होणं सहन होत नाही.

त्या पानावर माझंच अक्षर आहे, आताच्यापेक्षा नीट. जसंच्या तसं उतरवते:

'काल द्रौपदी शाळेत सांगायला आली, दीक्षाभूमीला निघालो, गल्लीतली अकरा घरं मिळून एक गाडी केलीय. मला यादीच्या कामामुळे जाता येत नाही म्हणून रडू आलं. तिच्याजवळ मेणबत्त्यांचा पुडा दिला, माझ्या नावाने लाव म्हटलं. आज गल्लीत गेले तर अर्थातच कुलुपं. परत यायला चार दिवस. साहेब थांबेनात. स्थलांतरित लिहिलं. दीप्तीचा ताप उतरत नाही.'

खाली अकरा नावं.

म्हणजे मला ठाऊक होतं. दारं बंद होती, लोक गावाला गेले असतील, चुकून झालं, हे सगळं मी नंतर जमवलं. मीही बौद्ध, मीही दरवर्षी जाणारी. दसऱ्याला आमची दारं बंद का असतात हे त्या साहेबाला कळलं नसतं तर समजू शकते. मी तर मेणबत्त्या दिल्या होत्या.

खूप रडले. प्रबुद्ध शेजारी बसून राहिला.

१५ मे

दिंडोशी कोर्टाबाहेर नोटरीकडे गेलो. मी, प्रबुद्ध, दीप्ती. दीप्तीला सकाळी सांगितलं की ती शिक्षिका मी. ती अर्धा तास गॅलरीत उभी राहिली, मग लॅपटॉप उघडून मजकूर लिहायला बसली. माझ्याकडे बघत नव्हती. 'मला सदर रहिवासी दीक्षाभूमीला गेल्याची पूर्वकल्पना होती' असं तिने लिहिलं. मी ते खोडायला लावलं. मेणबत्त्यांचा पुडा दिला होता, असं लिही म्हटलं.

यज्ञेश धावत आला. कागद वाचून तिथल्या बाकावर बसला. म्हणाला, "मेणबत्तीचं तरी काढा, मॅडम. चुकलं म्हणणं वेगळं. यात तुम्ही जाणूनबुजून केलं असं दिसतं." मी म्हटलं, तसंच आहे. सही केली. पेन अडलं नाही. उठताना दीप्तीने दंड धरला. रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

१७ मे

सुनावणी. छोटी खोली, पंखा, एक साहेब, द्रौपदी आणि मी. साहेबांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, जुनी डायरी चाळली. मग विचारलं, "म्हणजे ही बाई इथेच राहते हे माहीत असताना तुम्ही खोटी नोंद केलीत?"

चार हजार माणसांपुढे बोलणारी मी. हो म्हणाले. एवढंच बोलले.

निकाल राखून ठेवलाय. बाहेर आल्यावर द्रौपदीच्या समोर उभी राहिले आणि सांगितलं, तुझं घर माझ्यामुळे गेलं. तिने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"लोकं मला सांगत व्हते, बाईनंच केलं," ती म्हणाली. "म्या इस्वास नाही ठेवला. म्या तुमची मेणबत्ती लावली व्हती तिथं, तुमच्या नावानं." मग पिशवी उचलली. "आता बाकीच्या दहा घरायचं काय, बाई?"

मला क्षमा करते, असं ती म्हणाली नाही. होडीची वेळ झाली म्हणून निघाली.

१८ मे

प्रचाराचा शेवटचा दिवस. प्रतिज्ञापत्र कालपासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतंय, मेणबत्तीच्या ओळीखाली लाल रेघ ओढून. यज्ञेशने फलक उतरवले. पक्षातून कुणी आलं नाही. तोही येणार नाही असं वाटलं होतं, पण माइक घेऊन आला. म्हणाला, "पाचपर्यंत परवानगी आहे, मॅडम. वापरून टाका."

गुंफेजवळ, चौदा मजली इमारतीसमोर उभी राहिले. शंभरेक माणसं. काही नुसती बघायला आलेली, काही शिव्या द्यायला. एकाने दिलीही. दीप्ती आणि प्रबुद्ध पहिल्या रांगेत होते. अशी भीती मला कधीच वाटली नव्हती, पण आज निदान ती कसली आहे ते माहीत होतं.

भाषण केलं नाही. जे केलं होतं ते सांगितलं, मग जुनी डायरी उघडली आणि हजेरी घेतली. मला तेवढंच येतं. एक एक नाव वाचायचं आणि थांबायचं.

पहिल्या नावाला कुणी बोललं नाही. दुसऱ्यालाही नाही. वर्गात इतकी शांतता कधी सहन झाली नव्हती. चौथ्या नावाला मागून एक तरुण मुलगी म्हणाली की ते माझे आजोबा, वारले, मी अक्षता, हजर. तिने ते रागाने म्हटलं. सातवं नाव द्रौपदीचं. ती डाव्या बाजूला भिंतीशी उभी होती, मला दिसलीच नव्हती. "हजर," म्हणाली, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

पाच वाजता यज्ञेशने माइक बंद केला. परवा मतदान. त्याचं काय होईल ते स्पष्टच आहे. चौकशीचं पत्र येईल तेव्हा येईल.

आता ती अकरा नावं इथे पुन्हा लिहिलीत, एकाखाली एक, आणि पुढे रकाना आखलाय. दोघांपुढे पत्ता आहे. उरलेल्या नऊ घरांची माणसं कुठे आहेत ते मला ठाऊक नाही. या वेळी त्यांच्यापुढे मी काहीही लिहिलेलं नाही.